२० अंश आणि पुण्यातला मे महिना

मोठ्या कॅमेऱ्याची ४×५ इंची सुट्या शीटची फिल्म घरी धुवायचं ठरवलं तेव्हा धास्ती होती अंधाराची. ती फुकटच गेली. बाथरूमच्या झरोक्याला काळा कागद, दाराच्या फटीत सतरंजी आणि आत दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे सरावले की उजेड कुठून येतोय ते दिसतंच. खरा छळ केला तो पाण्याने.

इल्फर्डची एफपी४ फिल्म, आयडी-११ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) एकास एक पाणी घालून, २० अंशांना ११ मिनिटं. कंपनीच्या तक्त्यात किती साळसूदपणे लिहिलंय! कारखाना इंग्लंडात, चेशायरमध्ये. त्यांना नळाचं पाणी कोमट करून २० वर आणावं लागत असेल. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात ३४.

पहिल्या खेपेला डेव्हलपर बरोबर २० वर आणला, दिवा घालवला, चार शीट ट्रेमध्ये सोडल्या आणि खालची काढून वर, खालची काढून वर करत ११ मिनिटं काढली. निगेटिव्ह पाहिली तर आकाश कोळशासारखं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. उजेड मोजायच्या मीटरवर संशय घेतला, फिल्मवर घेतला, डेव्हलपरची पावडर जुनी दिलीत म्हणून दुकानदाराशी हुज्जतही घातली. बिचारा. तिसऱ्या खेपेला फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, झाल्यावर दिवा लावला आणि सहज थर्मामीटर डेव्हलपरमध्ये बुडवला. २६! पसरट ट्रे, तापलेली फरशी, त्यात सतत माझा हात. तापणार नाही तर काय. आणि तापलेला डेव्हलपर काम भराभर करतो, म्हणून आकाशाचा कोळसा. या फिल्मला लाल दिवाही चालत नाही, त्यामुळे मधे थर्मामीटर बघण्याची सोय नाही. पंचवीसच्या खोक्यातल्या बारा शीट गेल्या. वर नळाखाली धुताना गरम पाण्याने इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, इतकं मऊ पडलं, की शेजारच्या शीटचा कोपरा लागून एकावर लांबलचक ओरखडा.

आता २० चा हट्ट सोडलाय. रात्री दोन बादल्या भरून ठेवतो आणि पहाटे पाचला बसतो. आईच्या मोठ्या परातीत पाणी, त्यात बर्फाची बांधलेली पिशवी, त्यात ट्रे. डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, फिक्सर, धुवायचं पाणी, सगळं २४ वर. मग वेळ ११ ऐवजी आठ मिनिटांच्या आसपास येतो. सगळी पाणी एकाच तापमानाची हवीत, हे मला कुणीतरी आधी ओरडून सांगायला हवं होतं.

हो, आधी फिल्म एकेक करून साध्या पाण्यात भिजवा, नाहीतर डेव्हलपरमध्ये एकमेकींना चिकटतात. नखं कापा. शीट उभी धरून कडेच्या खाचा उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात लागल्या, की इमल्शन आपल्याकडे. आणि मिनिटं मोजायला फोन आत नेऊ नका. मी माझ्याच आवाजात मिनिटं रेकॉर्ड करून फोन दाराबाहेर ठेवतो. शेवटचं पाणी डिस्टिल्डच घ्या, आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात.

परातीत पाणी-बर्फाशिवाय काही घातलं नाही, हे आईला तीनदा सांगून झालं. तिने कणकेसाठी नवी परात आणली.