लाल चोपडी आणि थाळनेरची दिंडी

मनोगत लिहा म्हणून शाळेतनं फोन आला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यासमोर आली ती इतिहासाच्या सरांची लाल चोपडी. किराणा दुकानात उधारी लिहितात तसली, कापडी बांधणीची. आम्ही सरांना मागून गॅझेटिअर म्हणायचो, म्हणजे "पळ, गॅझेटिअर आलं" असं, त्यांना ते माहीत होतं हे मला फार उशिरा कळलं.

सर रविवारी लाल डब्याने धुळ्याला जायचे, लायब्ररीत बसून १८८० सालचं खानदेशचं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, हाताने उतरवून आणायचे. इंग्रजी पेन्सिलीने, त्याखाली मराठी शाईने, आणि समासात पान नंबर. जिथे खात्री नाही तिथे पान कोरं सोडलेलं, नुसतं एक प्रश्नचिन्ह. त्यांचा एकच नियम होता, "पान नंबर नाही तर त्या गप्पा." आमच्या आजीने सांगितलेलं किल्ल्यातलं भुयार या नियमात लगेच बाद झालं, आजी महिनाभर सरांवर रागावलेली होती.

तर थाळनेर, तापीकाठचं किल्ल्याचं गाव. आमच्याकडे थाळनेर म्हटलं की लोक लतादीदींचं आजोळ म्हणतात, फारच झालं तर फारुकींच्या कबरी. नववीच्या पुस्तकात १८१८ म्हणजे पेशवाई संपली, विषय संपला. सरांनी चोपडी उघडली आणि म्हणाले, पुण्यात संपली रे, आपल्याकडे त्या साली काय चाललं होतं?

चाललं होतं ते असं. डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, त्यात सातपुड्यातला आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना गेला. म्हणजे थाळनेर कागदावर इंग्रजांचं झालं, पण किल्ल्यात किल्लेदार तुळशीराम मामा आणि त्याची अरब शिबंदी, म्हणजे पगारी शिपाई, तशीच बसलेली. इंग्रजांचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याकडनं खाली उतरला आणि २७ फेब्रुवारीला थाळनेरसमोर आला. निरोप दिला की तह झालाय, आता लढलास तर बंडखोर धरू. आतनं गोळीबार. मग तोफा, दरवाजे फुटत आले, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या दरवाजाच्या दिंडीतनं, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातनं, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर काही शिपायांसह आत गेले, बोलाचाली झाली, ती बिघडली, दोघंही तिथेच मारले गेले. त्यानंतर आतली सगळी शिबंदी कापली, अडीचशे-तीनशे माणसं, आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी.

आम्ही विचारलं, सर पण बोलणी चालू असताना मारलं कशाला? सरांनी वर्गाच्या दाराची एक फळी कडी घालून बंद केली, दुसरी अर्धी ओढली आणि बाक आडवा लावला. मी गॉर्डन. आत दहा-बारा पोरं, त्यांनी फक्त अहिराणी बोलायची, आणि मी फक्त हिंदी. मी वाकून आत शिरलो तर एकदम "कोन शे रे? काय पाहिजे?" असा गलका, मागनं माझे शिपाई ढकलतायत, मी "हथियार डालो" ओरडलो आणि सरळ चौकटीवर आदळलो. भुवईवर तीन टाके पडले, खूण अजून आहे. सर घाबरून गेले होते पण दवाखान्यात टाके घालत असतानाच म्हणाले, "बघ, वाकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, आणि आतल्याला वाटतं हा घुसतोय." हा सरांचा अंदाज, चोपडीत तो त्यांनी लिहिला नाही, कारण पान नंबर नव्हता. मला मात्र तो तेव्हाच पटला, टाक्यांमुळे म्हणा.

पुढे एकदा सगळा वर्ग थाळनेरला घेऊन गेले. तापीकाठी ढासळलेले बुरूज, बाभळी, शेळ्या. एक म्हातारबा विचारतात, "आठे काय शे देखाले?" आम्ही सगळे सरांकडे बघतोय आणि सर डबा उघडून त्यांनाच कळण्याची भाकरी देऊन विचारत बसले की तुमच्याकडे या दरवाजाला काय म्हणतात. येताना धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ दाखवलं. इतिहासकार राजवाडे गावोगावी दप्तरं शोधत हिंडले आणि १९२६ ला धुळ्यातच गेले, दुसऱ्याच वर्षी मंडळ निघालं, हे सगळं सरांनी मंडळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. तिथले कागद बघून मला झोप आली होती, खोटं कशाला बोलू.

चोपडीतलं थाळनेरचं शेवटचं पान कोरं होतं. प्रश्न असा की किल्लेदाराच्या फाशीबद्दल हिस्लॉपला कुणी जाब विचारला का. दहावी झाली, पुण्याला आलो, नोकरी लागली, मुलं झाली. लॉकडाऊनमध्ये रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत तिथे नुसतं थाळनेर शोधत बसलो. इंग्रज ते नाव दहा तऱ्हेने लिहितात, टालनेर, टालनेइर, काय काय. आणि सापडलं! १८१९ ला लंडनच्या पार्लमेंटात हिस्लॉपच्या आभाराचा ठराव आला, पण थाळनेरला जे झालं त्याला हे आभार लागू समजू नयेत असं त्यात घालावं लागलं. आपल्या तापीकाठचा दरवाजा, आणि वाद लंडनला.

सकाळी सात वाजता सरांना फोन लावला. आता कमी ऐकू येतं त्यांना. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं, शेजारचा दार उघडून बघायला लागला. तिकडनं कपाट उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग पानं उलटल्याचा आवाज.

"हां, सापडलं कोरं पान. सावकाश सांग, लिहून घेतो. पान नंबर?"

तो मी लिहूनच घेतला नव्हता.