पाच सायकली, एक पंप: पावसाळ्यातली नोंद

घरातला ताफा सध्या पाचावर थांबलाय. बाबांची काळी अठ्ठावीस इंची, सळईच्या ब्रेकची. माझी रोडबाइक, रविवारी पहाटे खडकवासला-पानशेतला जाण्यापुरती. बायकोची हायब्रिड, म्हणजे रोडबाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, रोज ऑफिसला. लेकीची वीस इंची. आणि जुनी सव्वीस इंची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल; मंडईत जायला तीच, म्हणून तिला आता घरात सगळे 'मंडईची' म्हणतात.

यंदा नवीन काही घेतलं नाही. सगळा वेळ आहे त्या सायकली 'उचलली की निघाली' अशा करण्यात घालवला. कोथिंबीर आणायला निघताना चाकात हवा नसेल, तर माझ्यासकट सगळे स्कूटरची किल्ली घेतात. कामापरत्वे वेगळी सायकल ठेवायची, तर त्या कामासाठी ती कायम तयार हवी. नाहीतर पार्किंगमध्ये शेजाऱ्यांशी वाद तेवढे वाढतात.

पहिलं काम टायर-ट्यूबचं. दुकानात नुसतं 'अठ्ठावीसचा टायर द्या' म्हणून आमच्या घरी भागत नाही. बाबांचा टायर २८×१ १/२, म्हणजे रिमवर बसायचा व्यास ६३५ मिमी. माझा ७००×२८, व्यास ६२२. हाताने ताणून बसेल असं वाटतं, पण बसत नाही. सव्वीसचंही तेच: मंडईच्या सायकलीचा २६×१.५० म्हणजे ५५९, आणि २६×१ ३/८ लिहिलेला ५९०. अपूर्णांक आणि दशांश यांची अदलाबदल कधीच करू नये. टायरच्या कडेला २८-६२२ असा जो जोडआकडा (रुंदी आणि व्यास, मिमीत) असतो तोच खरा. पाचही सायकलींचे आकडे आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. ट्यूब आणायला कोणीही गेलं तरी दाराचा फोटो काढून जातं.

व्हॉल्व्ह तीन प्रकारचे. रोडबाइकला बारीक प्रेस्टा, बाबांच्या सायकलीला आपला जुना डनलप, बाकी तिघींना मोटारसायकलसारखा श्रेडर. सगळे एकसारखे करावेत असा मोह झाला होता, पण प्रेस्टाच्या रिमचं भोक साडेसहा मिमीचं, श्रेडरला साडेआठ लागतं. रोडबाइकच्या अरुंद रिमला ड्रिल लावायची माझी तयारी नाही. त्याची गरजही नव्हती म्हणा. प्रेस्टाच्या तोंडाने डनलपमध्येही हवा जाते, त्यामुळे दोन तोंडांचा एक उभा पंप पाचही सायकलींना पुरतो. तो दाराशीच ठेवलाय. शनिवारी संध्याकाळी हवा मारायचं काम लेकीचं, तिला काट्याकडे बघत पंप मारायला आवडतं. रोडबाइकला हवेचा दाब ८५ पीएसआय, मंडईचीला ५०. बाबांच्या सायकलीची हवा बाबाच अंगठ्याने दाबून ठरवतात, तिथे काट्याला विचारत नाहीत.

मंडईच्या सायकलीवर सगळ्यात जास्त मेहनत घेतली आणि तीच सगळ्यात जास्त चालते. गोट्यागोट्यांचे टायर काढून गुळगुळीत घातले, पूर्ण लांबीचे मडगार्ड, मागे लोखंडी कॅरियर, दोन्ही बाजूंना पिशव्या. ती मी आणि बायको दोघं वापरतो, म्हणून सीटला खटक्याचा क्लँप बसवला आणि सीटच्या दांड्यावर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या: लाल तिची, निळी माझी. एवढ्याशा गोष्टीने 'परत सीट कोणी हलवली' हा विषय घरातून संपला.

पावसात रोडबाइक बाहेर काढत नाही. मंडईच्या सायकलीला व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) आणि अॅल्युमिनियमची रिम आहे, त्यामुळे ओल्यात बऱ्यापैकी थांबते. मात्र ब्रेकच्या रबरात कच रुतून रिम खरवडते. ती सुईने उकरून काढायची, आवाज आला की लगेच. बाबांच्या सायकलीचं दुखणं वेगळं. सळईचा ब्रेक रिमला आतून वर ओढून लागतो, रिम स्टीलची क्रोम केलेली, ओली झाली की ब्रेक दाबूनही गाडी आपल्या मर्जीने थांबते. पाऊस असेल तर मंडईची न्या, असं बाबांना सुचवून पाहिलं. 'तुझ्या सायकलीवर वाकून बसावं लागतं,' म्हणाले. आता ते छत्री घेऊन चालत जातात, हीसुद्धा प्रगतीच.

चेनसाठी स्टीलची फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या बारा जोड्या, म्हणजे चोवीस पिना, बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरलं की गिअरच्या सायकलींची चेन बदलायची, नाहीतर ती मागचे दातेही खाते. हायब्रिडची त्या टोकाला आली होती, बदलली. मंडईची अजून आत आहे. बाबांची झाकणात असते, तिथे तेल घालून गप्प बसतो.

उरलेलं काम: मंडईच्या सायकलीचा स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. झिजलाय आणि उगाच जड आहे. साधा बसवायचा तर उंचीला जुळणारा हवा. आखूड बसला तर पुढचा भाग खाली येतो आणि हँडल भरल्या पिशव्यांनिशी नाचायला लागतं. जुन्याची मापं घेऊन ठेवलीत, तसा फोर्क कुठे मिळाला तर दिवाळीआधी बसवेन. लेकीचे गुडघे हँडलला लागायला लागलेत, म्हणजे चोवीस इंची येणार. तिचा आकडा ५०७. कपाटाच्या दारावर जागा आहे, पार्किंगमध्ये नाही. वीस इंची मावसभावाकडे द्यायची बोलणी चालू आहेत, पण मालकीणबाईंनी अजून होकार दिलेला नाही.