नऊ गुंजा

आमच्याकडे सोनं विकत नाहीत, मोडतात. लग्न मोडतं, शब्द मोडतो, भरलेला बाजार मोडतो, तशा पाटल्या मोडतात. घेतानाही ‘यंदा थोडं सोनं करू’ असंच म्हणायचं. खरेदी-विक्री हे शब्द भाजीपाल्याला. परवा दुपारी दादा आणि मी सराफाच्या पेढीवर बसलो होतो, तेव्हा शेजारच्या बाई ‘मोडायचंय’ म्हणाल्या आणि म्हणताना आवाज खाली आला. पाच मिनिटांपूर्वी माझाही आला होता.

आजीच्या पाटल्या होत्या. ना वहिनीच्या हातात जातात, ना माझ्या. आजीचं मनगट दहा वर्षांच्या पोरीएवढं, आणि तब्येत जन्मभर तोळामासा. तिच्या डबीत पाटल्यांखाली गुलाबी कागदाची घडी निघाली. कागद विटला होता, शाई नाही. ‘पाटल्या जोड १. ४ तो. २ मा. ३ गुं.’ खाली साल, १९५४.

सराफांनी पंखा बंद केला, काचेच्या पेटीचं दार सरकवलं आणि पाटल्या काट्यावर ठेवल्या. आकडे थोडे चाळवले आणि थांबले. ४७.८७.

दादाचा चेहरा खुलला. ‘अगं, चार तोळे म्हणजे चाळीस ग्रॅम. हे तर सात-आठ ग्रॅम जास्तच भरलं!’

इथे माझी जुनी खोड जागी झाली. तोळा म्हणजे दहा ग्रॅम असं कुणी म्हटलं, की मला चपलेत खडा गेल्यासारखं होतं. तोळा ११.६६ ग्रॅमचा. बारा मासे एक तोळा, आठ गुंजा एक मासा. इंग्रजांनी १८३३ साली तो १८० ग्रेनवर पक्का केला आणि रुपयाचं नाणंही तेवढ्याच वजनाचं ठेवलं. म्हणून आजी तोळ्याला ‘रुपयाभार’ म्हणायची. दशमान वजनं आल्यावर ग्रॅम आला, पण जीभ तोळा सोडेना. मग दोघांनी तडजोड केली: नाव तोळ्याचं, वजन दहा ग्रॅमचं. मधले दीड ग्रॅम कुठे गेले, हे कुणी विचारलंच नाही. नावानिशी चालते झाले.

हे सगळं मी पेढीवर बसून दादाला ऐकवलं. सराफ सभ्य माणूस, हसले. म्हणाले, ‘ताई बरोबर बोलतायत. जुनी चिठ्ठी असली तर आधी विचारावं लागतं, कुठला तोळा.’ मग त्यांनीच कॅल्क्युलेटर पुढे ओढला. चार तोळे, दोन मासे, तीन गुंजा. ४८.९६ ग्रॅम.

म्हणजे जास्त नाहीच. एक ग्रॅम नऊ सेंटिग्रॅम कमी.

‘झीज,’ सराफ म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. त्यांचा तो रोजचा शब्द.

गुंजांशी माझी ओळख सोन्याच्या आधीची. आजीकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात मूठभर गुंजा होत्या. लालभडक, टोकाला काळा ठिपका, काजळ घातलेल्या डोळ्यासारख्या. दुपारी ती आडवी झाली की मी डबा उपडा करायची, रांगा लावायची. अर्धवट झोपेतून तिचा आवाज यायचा, ‘तोंडात घालू नकोस हो, विष असतं.’ आणि ते खरंच आहे. गुंजेच्या बीत जहाल विष असतं. मला त्याचंच नवल वाटायचं. विषानं सोनं मोजायचं! एकदा ती उठून बसली आणि पाढा म्हणावा तशी म्हणाली, ‘आठ गुंजा एक मासा, बारा मासे एक तोळा.’ मी कितीतरी दिवस समजत होते, की बारा मासे पकडून सोनाराला दिले की तो तोळाभर सोनं देतो. तसं विचारलंही. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या गुंजा सारख्या नव्हत्या. काही टपोऱ्या, काही सुरकुतलेल्या. मी निवडून घ्यायची. खऱ्या व्यवहारात निवडून कोण घ्यायचं, घेणारा की देणारा, हा प्रश्न मला आजही पडतो.

तसं पाहिलं तर सगळ्यांनीच बिया वेचल्या. साहेबाचा ग्रेन जवाच्या दाण्यावरून आला, कॅरट एका शेंगेच्या बीवरून. आणि गोंधळ घालायची हौस त्यांनाही आहेच. टीव्हीवर खालच्या पट्टीत सोन्याचा जागतिक भाव औंसात सरकत असतो. भाचा त्याला २८.३५ ग्रॅमनं भागतो आणि ‘आपल्याकडे स्वस्त कसं?’ म्हणून तावातावानं फोन करतो. तो किराण्याचा औंस, बाळा. सोन्याचा औंस वेगळा, ट्रॉय, ३१.१० ग्रॅमचा. पौंडात मात्र उलटं, कारण सोन्याच्या पौंडात औंस बाराच आणि किराण्याच्यात सोळा. त्यामुळे औंसभर सोनं औंसभर पिसांपेक्षा जड, पण पौंडभर सोनं पौंडभर पिसांपेक्षा हलकं. हे मी दादाला सांगायला गेले, तर तो म्हणाला, ‘आत्ता नको.’ एक सांगायचं राहिलंच. आपले आठ तोळे म्हणजे बरोब्बर तीन ट्रॉय औंस. पूर्णांक बाकी न उरता असे जुळले, की मला उगाच बरं वाटतं.

पेढीवर पुढचं सगळं भराभर झालं. जुना माल, शिक्का नाही. हॉलमार्कची सक्ती आली २०२१ साली. आजीच्या सोनाराचा शब्द हाच हॉलमार्क. सराफांनी पाटल्या मशीनखाली ठेवल्या. मग, मशीन वरवरचं बघतं म्हणून, काळ्या कसोटीवर एक रेघ ओढली, शेजारी माहितीतल्या सोन्याची दुसरी ओढली आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब टाकला. दोन्ही रेघा जाग्यावर राहिल्या. बावीसला जरासं कमी, सांध्यांना डाख, म्हणजे जोडायचा हलका धातू, आहे, गाळल्यावर नक्की कळेल, असं म्हणाले. वाटलं तर आधी तपासणी केंद्रातून दाखला आणा, असंही स्वतःहून म्हणाले. कॅरट शुद्धतेचं, ग्रॅम वजनाचं, आणि भाव दोन्हींच्या गुणाकाराचा. चोवीस कॅरटचा भाव घोकत आलेला माणूस इथेच फसतो. आजीला यातलं काही सांगावं लागत नसे. १९६३ साली सरकारनं दागिने चौदा कॅरटच्या वर घडवायचे नाहीत असा नियम काढला, तेव्हा तिनं त्या सोन्याला एकच विशेषण दिलं होतं. ते मी लिहिणार नाही.

‘गाळू का?’ सराफांनी विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी मनात हिशोब करत होते. चार तोळे दोन मासे तीन गुंजा म्हणजे चारशे तीन गुंजा. विषम. दोघांत वाटल्या तर एक उरते. त्यातून झीज वजा केली तर राहतात तीनशे चौऱ्याण्णव. आता दोघांना सारख्या, भांडण नको. त्या नऊ गुंजा गेल्यामुळे आमची वाटणी सरळ झाली होती.

पण त्या गेल्या कुठे, तेच डोक्यातून जाईना. आजीच्या हातात पाटल्यांच्या मागे-पुढे काचेच्या बांगड्या असत. काच सोन्यापेक्षा टणक, दिवसभर घासणार. राखेनं भांडी घासायची, तीही पाटल्या न काढता. पीठ मळताना मात्र कोपराकडे सरकवायची. साठ वर्षं. सराफांच्या गल्लीतली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी मी लहानपणी पाहिलेत. पाटीत गाळ घेऊन ते गटाराशी तासन्तास वाकलेले असत. त्यांना आमच्या मोरीत आणायला हवं होतं. मोरी तर आता राहिली नाही. वाडा पाडला, तेव्हा तिची माती ट्रकमधून कुणाच्या तरी पायात भरायला गेली.

‘दोन दिवसांनी येतो,’ दादा म्हणाला. त्याचंही काहीतरी चाललं असावं. मी विचारलं नाही.

घरी आल्यावर बोर्नव्हिटाचा डबा शोधला. माळ्यावर होता, झाकण गंजलेलं. गुंजा तशाच, लाल, नजर रोखून. ओट्यावर काट्याचं बटण दाबलं आणि एकेक मोजत नऊ ठेवल्या, टपोऱ्या निवडून. काटा कणीक मोजायचा, स्वस्तातला. शून्यच दाखवत राहिला.