खाडीतले वाळे, नोंद ६: तिसरं अक्षर मिळालं

मिळालं एकदाचं! ऐरोलीच्या सकाळच्या बोटीच्या फेरीत एका लहान रोहिताच्या (लेसर फ्लेमिंगोच्या) पायातला वाळा, म्हणजे ओळखीसाठी घातलेलं अक्षरांचं कडं, तिन्ही अक्षरांसह वाचता आला. आधीच्या पाच फेऱ्यांत गाडी दुसऱ्या अक्षराच्या पुढे सरकत नव्हती. कोड इथे टाकत नाही. बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे) कळवला आहे, त्यांच्याकडून खातरजमा झाल्यावर पुढच्या नोंदीत येईल. त्याच फेरीत दुसरा एक वाळा पुन्हा दोनच अक्षरं दाखवून पाण्याखाली गेला, म्हणजे हिशेब अजून अर्धाच मिटला आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र साधारण १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून अधिक कांदळवन आणि उरलेलं पाणी-चिखल. २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याच वर्षी बीएनएचएसने सहा रोहितांना जीपीएस यंत्रं बसवली. यंत्राचा पक्षी आपल्याला सापडेलच असं नाही, पण नुसते वाळे घातलेले पक्षीही आहेत, आणि ते वाचायला कॅमेरा पुरतो. निदान नोंद १ लिहिताना तसं वाटलं होतं.

आता मूळ दुखण्याकडे. फोटोतलं अक्षर फुटतं कशाने?

नोंद ३ मध्ये सगळं खापर शटरवर फोडलं होतं. ते मागे घेऊ. कागदावर मांडलं की लगेच दिसतं. बोट ताशी १० किलोमीटरने जात असेल तर ती सेकंदाला २.८ मीटर सरकते, म्हणजे १/२००० सेकंदात १.४ मिलिमीटर. ६०० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा (पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा) धरला, तर ५० मीटरवर एका पिक्सेलमध्ये पक्ष्याच्या पायाचा ०.३३ मिमी भाग बसतो. म्हणजे चालत्या बोटीत चार पिक्सेलांचा फराटा उमटणारच. पण बोट थांबून नुसती वाहत असेल, ताशी २ किलोमीटरने, तर तोच फराटा एका पिक्सेलच्या आत येतो. डुलणं सेकंदाला एक अंश धरलं तरी सव्वा-दीड पिक्सेलच. म्हणून १/२००० आणि वाहती बोट एवढं जमलं की शटरचा विषय संपला. १/४००० करून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवणाऱ्यांनी स्वतःच्या फोटोंत फक्त दाणे वाढवले आहेत.

अंतराचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. अक्षर ८ मिमी उंच धरू. ५० मीटरवर त्याच्या वाट्याला २४-२५ पिक्सेल येतात, १०० मीटरवर १२. स्वच्छ हवेत १२ पिक्सेलांचं अक्षर ओळखता येतं. खाडीवरची हवा तेवढी स्वच्छ कधी नसते, म्हणून ६०-६५ मीटरच्या पलीकडे फोटो काढून मेमरी कार्ड भरत बसू नये. ४०० मिमीवाल्यांनी ४० मीटरची मर्यादा पाळावी.

मग बोट थांबलेली, अंतर ५०, शटर २०००, तरी अक्षर विरघळलेलं. का? इथे तीन महिने गेले. दोषी ओळखायचा उपाय साधा निघाला: एकाच वाळ्याचे सलग पंधरा-वीस फोटो काढायचे आणि एकापाठोपाठ एक बघायचे. सगळ्यांत फराटा एकाच दिशेला असेल तर हालचाल. वाळा मऊ, पण पुढच्या किंवा मागच्या पक्ष्याची पिसं धारदार असतील तर फोकस. (६०० मिमी, एफ ६.३ आणि ५० मीटरला फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम दीड-पावणेदोन मीटर मिळते. थव्यात फोकस पुढच्याच पक्ष्यावर अडकतो.) आणि प्रत्येक फोटोत अक्षराचा आकार वेगळा, कधी वरचा भाग स्पष्ट तर कधी खालचा, मागच्या तिवराचं खोड नागमोडी, तर त्या झळा. आपल्या कार्डांवर बहुतेक झळाच होत्या.

झळा म्हटलं की मे महिना डोळ्यांसमोर येतो, फसगत होते ती तिथेच. उघडा पडलेला काळा चिखल फेब्रुवारीतही ऊन लागताच तापतो, त्याच्यावरची हवा उकळल्यासारखी हलते, आणि बोटीतून आपली नजर जाते ती चिखलापासून मीटर-दीड मीटरवरून, सपाट. साडेनऊनंतर काढलेला एकही वाळा वाचता आलेला नाही, अगदी ३५ मीटरवरचासुद्धा. गार पहाटे उलटा प्रकार होतो. पाणी उबदार, हवा थंड, त्यामुळे पाण्यावरही थरथर असते. ती झळांइतकी वाईट नाही आणि वारा सुटला की मोडते. कॅमेरा कुठलाही घ्या, हवेचा भिंगाबाहेरचा तुकडा बदलता येत नाही. बदलता येते ती वेळ, आणि नजरेखाली चिखल आहे की पाणी, ही गोष्ट.

म्हणजे पक्षी हवा पाण्याच्या काठावर, बोटीच्या बाजूला, घोट्याएवढ्या पाण्यात. वाळा असतो पायाच्या वरच्या भागात, ज्याला आपण गुडघा समजतो त्याच्या वर. पोटापर्यंत पाण्यात उभ्या रोहिताचा वाळा पाण्याखाली, चिखलात लांब गेलेल्याचा झळांमागे. मधली खिडकी किती वेळ उघडी राहते हे भरतीच्या जोरावर ठरतं. या नोंदीचा खरा शोध हाच.

उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) मुंबईत पाणी साधारण साडेतीन मीटर चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या बारीक भरतीला) दीड मीटरच्या आसपास. बाराव्या हिश्श्याचा नियम लावला (सहा तासांत १, २, ३, ३, २, १, खाडीत तंतोतंत चालत नाही, अंदाजाला पुरतो) तर मधल्या तासात पाव हिस्सा पाणी उतरतं. उधाणाला तासाला ८७ सेंटिमीटर, भांगाला ३७. वाळा पाण्याबाहेर आल्यापासून पायाखालचा चिखल उघडा पडेपर्यंत पाणी २५ सेंटिमीटर उतरतं असं धरलं, तर उधाणाला हातात सतरा मिनिटं, भांगाला चाळीस. पक्षी काठाबरोबर चालत राहतात म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो, पण उधाणाला त्यांच्या मागे बोट नेणं कोणी करणार नाही. सुकतीच्या वेळी, म्हणजे पाणी उतरताना, काठाला टेकलेली बोट रुतली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. बोटवाले भरतीची फेरी पसंत करतात ते यासाठी. आपल्याला मात्र उतरतं पाणीच हवं, कारण चढत्या पाण्यात दिसणारा वाळा बुडत जातो. भांगाच्या सुकतीला दोघांचंही जमतं.

दिवस कसा निवडायचा? कोळीवाड्यातला जुना ठोकताळा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चौथला तीन, अष्टमीला सहा. सप्तमीला सव्वापाच. हे वेळापत्रक दक्षिण मुंबईचं, ऐरोलीला पाणी त्यानंतर पोचतं. किती नंतर, ते जेट्टीच्या खांबावरची ओली रेघ उतरायला लागते त्या वेळेवरून दर फेरीला लिहून ठेवावं. छापील तक्ता अर्थातच ठोकताळ्याहून अचूक, पण पंचांगावरून पुढच्या चार महिन्यांच्या तारखा पाच मिनिटांत निघतात.

सर्वांत बारीक भरती अष्टमीच्या एक-दोन दिवस नंतर येते, त्यामुळे नवमीचा मोह होतो. पण नवमीची भरती पावणेसातला, म्हणजे मधली सुकती साडेनऊच्या पुढे, थेट झळांच्या तोंडी. सप्तमीला पाणी किंचित जोरात उतरतं, पण आठ ते नऊ हा तास मिळतो. ही फेरी कृष्ण सप्तमीची होती, बोट पावणेआठची. वाळा मिळाला आठ वाजून वीस मिनिटांनी, अंतर पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी ऊन नवी मुंबईच्या बाजूने येतं, म्हणून भांडुप-कांजूरच्या काठावरचे पक्षी समोरून उजळतात. दुपारची फेरी असेल तर घणसोलीचा काठ धरावा.

फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात आधी विचारून तिथीशी जुळणारी फेरी पकडायची, उलटं नाही. सोयीच्या रविवारी जाऊन भरपूर गुलाबी फोटो मिळतात, वाळे मिळत नाहीत.

टेकू. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) बोटीत बाद. इंजिनची थरथर डेकमधून सरळ लेन्समध्ये चढते. कठड्यावर लेन्स ठेवणंही तसंच. धान्याच्या पिशवीने थरथर कमी होते, पण मुगाची पिशवी खाडीच्या दमटपणात दोन फेऱ्यांत कुबट झाली आणि तिसऱ्या वेळी चक्क मोड आले. सध्या चौपदरी जुनी गोधडी कठड्यावर आणि लेन्स तिच्यावर हाताने तोललेली. तयार पिशव्यांपेक्षा ती सरस, आणि फुकट. भाड्याच्या लेन्सबद्दल एकच सांगणं: ताब्यात घेताना ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सभोवतीच्या कड्याचा) स्क्रू स्वतः पिळून बघा. मागच्या वेळी मिळालेला कॉलर इतका ढिला होता की लेन्स आपोआप फिरत होती, आणि दुकानदाराचं म्हणणं, ती चालच तशी आहे.

सॉफ्टवेअरबद्दल कळकळीने. एआयने धार लावलेल्या फोटोवरून कोड वाचू नये. ते मऊ डागातून देखणं अक्षर बनवतं, आणि ते अक्षर वाळ्यावर असतंच असं नाही. एकाच मालिकेच्या दोन फोटोंतून त्याने एकदा सी आणि एकदा जी काढून दाखवला. त्यापेक्षा मालिकेतले सर्वांत स्पष्ट सात-आठ फोटो वाळ्यावर जुळवून एकमेकांवर चढवा आणि सरासरी काढा. झळांची वेडीवाकडी ओढ एकमेकींना खाते, अक्षराचा सांगाडा वर येतो. तिसरं अक्षर असंच मिळालं. नियम ठेवला आहे: स्वतंत्र तीन फोटोंत तेच अक्षर दिसलं तरच लिहायचं, नाहीतर त्या जागी प्रश्नचिन्ह. बी आणि ८ यांच्यात शंका असेल तर दोन्ही लिहा. चुकीचा पूर्ण कोड अर्ध्या कोडपेक्षा जास्त नुकसान करतो.

कळवताना तारीख, वेळ, जागा, लहान की मोठा रोहित (चोच गडद लाल-काळी की गुलाबी आणि फक्त टोक काळं), वाळा कुठल्या पायात, रंग, अक्षरं कुठल्या दिशेने वाचली आणि मूळ फोटो, न कापलेला. उजवा-डावा पाय पक्ष्याचा, आपला नाही. ही चूक नोंद २ मध्ये छापूनही झाली आहे.

पुढची फेरी शुक्ल सप्तमीला ठरली होती, त्याच काठाला. पण हे लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली. बोटीला मीटरभर पाणी लागतं, पक्षी उभा वीस सेंटिमीटरमध्ये, फरक ८० सेंटिमीटरचा. चिखलाचा उतार शंभराला एक असेल तर बोट आणि पक्षी यांत ८० मीटर राहणारच, बोटवाल्याने कितीही मनावर घेतलं तरी. उतार पन्नासाला एक असेल तर ४०. म्हणजे आपण इतके दिवस पक्ष्यांची गर्दी शोधत होतो, शोधायला हवा तीव्र उताराचा काठ. खाजणातून येणारे ओहोळ जिथे खाडीला मिळतात तिथे चिखल खचून कडा उभी होते. ऐरोली पुलाच्या दक्षिणेला अशी तीन तोंडं जुन्या फोटोंत दिसतात. पूर्ण सुकतीचे उपग्रह फोटो काढून त्या कडा नकाशावर मारायचं काम आधी, फेरी नंतर. सप्तमी हुकली तर हुकली.

आणखी एक, हे बोटीत बसण्याआधी ठरलेलं असावं. थव्याची खाण्याची बडबड थांबली, माना सरळ वर गेल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की बोट जास्त जवळ आली आहे. त्या क्षणी कॅमेरा खाली ठेवून बोटवाल्याला मागे घ्यायला सांगायचं. उडालेल्या थव्याचे वाळे पोटाखाली मागे जातात, वाचायला काहीच उरत नाही.

ज्यांच्याकडे मागच्या दोन हंगामांतले ओहोळांच्या तोंडाचे सुकतीचे फोटो असतील, त्यांनी तिथी आणि वेळ लिहून पाठवावेत. वेळ कॅमेऱ्यातली चालेल, फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ एकदा मोबाइलशी ताडून बघा. इथल्या एका कार्डावरचे सगळे फोटो सव्वा तास पुढचे निघाले.