लेक सिमकोवरचा बर्फ
आज दिवसभर ओंटारियोतल्या लेक सिमकोवर आइस फिशिंग केलं, म्हणजे गोठलेल्या तळ्याच्या बर्फात भोक पाडून मासेमारी, बोटं अजून बधिर आहेत पण मन एकदम खुश आहे. ऑगरने, म्हणजे बर्फ कोरायच्या ड्रिलने, भोक पाडलं की आधी बर्फ बघायचा, निळसर पारदर्शक असेल तर मजबूत, पांढरा दुधाळ असेल तर ताकद साधारण निम्मीच, म्हणून जाडी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका प्लीज. आणि खाली काय चाललेलं असतं माहितीये, पाणी ४ अंशाला सगळ्यात जड होतं म्हणून ते तळाशी बसतं, बर्फ वर तरंगतो, त्यामुळेच तर मासे अख्खा हिवाळा जगतात! पर्च मासा गळ फार हळू ओढतो, रॉडचं टोक जरासं थरथरतं बस. छोटे लगेच परत सोडले, कडाक्याच्या हवेत त्यांचे कल्ले पटकन गोठतात.