तेर: सगळं मातीचंच

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला एसटीतून उतरलं की आधी टपऱ्या, खताचं दुकान आणि पारावरची मंडळी दिसतात. हेच ते तगर, हे कुणी सांगितल्याशिवाय पटायचं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्यानं नोंदवून ठेवलंय, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांतून भडोच बंदराला येतं. पुढे कोकण-कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. गाव कधीचंच सुटलेलं, बिरूद मात्र सोडवेना!

मला ओढ होती त्रिविक्रमाच्या, म्हणजे वामनावतारातल्या विष्णूच्या, मंदिराची. दारापाशी बसलेल्या एका मामांना विचारलं तर म्हणाले, “आत जावा की, उघडंच हाय.” मराठवाड्यात जुनं देऊळ म्हटलं की काळ्या दगडाचं कोरीव काम डोळ्यांपुढे येतं. हे विटांचं. समोरून पाहिलं तर साधा मंडप. मागं वळसा घातला की खरा ऐवज कळतो. मागची भिंत गोल आणि वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं. मुळात हे बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह असावं, असं काही अभ्यासक मानतात. आत पाय उंच उचललेला त्रिविक्रम आहे. वाद अभ्यासकांचा, गावानं तर आपला देव केव्हाच ठरवून टाकलाय.

गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर इथलं शासकीय संग्रहालय उभं आहे. सगळे जण हस्तिदंती बाहुली बघायला जातात. इटलीतल्या पॉम्पेईत 1938 साली अशीच एक सापडली, आणि पॉम्पेई तर 79 सालीच राखेखाली गेलेलं. म्हणजे त्याआधीपासून इकडचा रोमशी व्यापार होता, त्याची ही खूण; त्यामुळे तिचं कौतुक रास्तच. पण तेवढं बघून परतणारा फसला म्हणायचा. मी रेंगाळलो ते मातीच्या मूर्तींपाशी. पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या, आतून पोकळ. एकीच्या केसांची रचना इतकी बारीक, की विंचरणाऱ्या बाईचे हात किती वेळ अवघडले असतील असं वाटलं. सातवाहनांच्या काळातली बाई, पण नटण्याची हौस अगदी ओळखीची.

आणि मग तेरणाकाठी गोरोबाकाकांची समाधी. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना पायाखाली आलेलं स्वतःचं लेकरू, थापटण्यानं संतांची डोकी तपासणं, नामदेवांना कच्चं मडकं ठरवणं. या कथा आपण शाळेपासून ऐकतो. विटांची देवळं, साच्यातल्या मूर्ती आणि संत कोण, तर कुंभार. तेरला हे शोभतंच.

बरेच जण काकांचं दर्शन घेऊन थेट परतीची गाडी धरतात, त्रिविक्रमाकडे फिरकतही नाहीत. चैत्रात यात्रेची गर्दी असते. निवांत बघायचं असेल तर दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर जा.