मशीनवरच्या वर्षांचं क्रेडिट मिळवताना

आयटीआय झाल्या झाल्या भोसरीतल्या एका टूलरूममध्ये लागलो, तेव्हापासून व्हीएमसी (संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या) मशीनवरच आहे. पदवी नाही म्हणून सेटरच्या, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्याच्या, वर सरकता येईना. तेवढ्यात कळलं की पुण्यातल्या एका विद्यापीठात बी.व्होक. या व्यावसायिक पदवीला प्रवेश घेताना आधीच्या कामाचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते पदवीच्या अभ्यासात मोजलं जातं. आरपीएल म्हणतात त्याला, म्हणजे आधी शिकलेल्याची दखल.

अर्ज भरण्याआधीच मी हिशोब मांडून बसलो होतो. 2023 साली आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट धरलेत. एका क्रेडिटला 30 तास. शॉपवर माझे वर्षाला दोन हजारांच्या वर तास भरतात. या गुणाकाराने मला पदवी कधीच मिळायला हवी होती, तीही दोनदा. समन्वयक मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "दादा, किती तास उभे होतात ते नकोय. त्या तासांत काय शिकलात ते सांगा. एकच जॉब दहा हजार वेळा काढला, तर शिकणं पहिल्या शंभरातच झालं ना?" झोंबलं, पण खोटं नव्हतं. अनुभवाला आराखड्यात जादा वजन आहे, कमाल दुपटीपर्यंत. पण तेही परीक्षकाने तपासल्यावर.

मग कागदपत्रं. अनुभवाच्या दाखल्यांवर "काम समाधानकारक, वर्तणूक चांगली" यापलीकडे काही नसतं. एका ठिकाणी मी ठेकेदाराच्या पटावर होतो, तिथल्या पत्रात हुद्दा "हेल्पर" आणि काम मात्र सेटिंगचं. एक कंपनी तर बंदच पडलेली, दाखला मागायचा कोणाकडे? तिथे पीएफ कामाला आला. यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) खात्यात कुठे कधीपासून कधीपर्यंत होतो ते सगळं निघतं, आणि विद्यापीठाने ते मान्य केलं. एमआयडीसीतली गुरुवारची सुट्टी आमच्या घरच्यांना कधी पटली नाही, पण या काळात तिचा फायदाच झाला. सरकारी असो की विद्यापीठाची, खिडकी त्या दिवशी उघडी असते.

वेळ सगळ्यात जास्त खाल्ला तो पोर्टफोलिओने. अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाखाली लिहिलेलं असतं की विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवं. त्या एकेका ओळीसमोर आपला पुरावा लावायचा. आता आमच्याकडे ड्रॉइंग ग्राहकाचं, शॉपमध्ये मोबाइल बंद. फोटो आणणार कुठून? शेवटी नेहमीच्या धाटणीचे जॉब स्वतःच्या मापांनी वहीत काढले, त्यांची सेटअप शीट लिहिली (क्लॅम्पिंग कुठे, कुठलं टूल आधी, ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती कशी घेतली) आणि सुपरवायझरची सही घेतली. ग्राहकाचं नाव कुठेही नाही. पंधरा-वीस पानं झाल्यावर मलाच जाणवलं की यातलं निम्मं मी कधी कोणाला शब्दांत सांगितलंच नव्हतं.

प्रात्यक्षिकाला 25 एच7चा बोअर, म्हणजे अचूक मापाचं भोक, करायला दिला. माप 25.000 ते 25.021 मिलिमीटर, त्याच्या बाहेर गेला की भंगार. फिनिश कट झाल्यावर मी जॉब उतरवून बाजूला ठेवला आणि आधी सेटिंग रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, शून्य करून घेतला. परीक्षक म्हणाले, मोजत का नाही? म्हटलं, सर, अजून कोमट आहे. स्टीलचा जॉब वीस अंशांनी गरम असला तर एवढ्या बोअरला पाच-सहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं दाखवतो. आता पास होईल आणि थंड झाल्यावर पिन अडकेल. मापं 20 अंश सेल्सिअसची असतात हे त्यांना ठाऊकच होतं, मला कुठून ठाऊक हे त्यांना हवं होतं. पुढे विचारलं, यात एच6 मापाचा शाफ्ट (दांडा) बसवला तर कुठला फिट? मी सांगितलं, हाताने सरकतो पण खुळखुळत नाही. "पुस्तकात त्याला क्लिअरन्स फिट म्हणतात," ते म्हणाले, आणि गुण दिले.

मशिनिंग, मापनशास्त्र, वर्कशॉप आणि सुरक्षितता यांचं क्रेडिट मिळालं. सीएनसी (मशीनच्या) प्रोग्रामिंगला ब्रिज कोर्स, म्हणजे उणीव भरून काढणारा छोटा कोर्स, लावला, कारण मॅक्रो (पुन्हा पुन्हा वापरायचे छोटे प्रोग्राम) मी कधी लिहिले नव्हते. गणित आणि मटेरियल सायन्स पूर्ण करायचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात. खातं डिजिलॉकरमधून उघडतं, पण आपण स्वतः त्यात काही भरू शकत नाही. विद्यापीठच जमा करतं आणि ते जास्तीत जास्त सात वर्षं चालतं. माझं अडलं ते वडिलांच्या नावावर. आधारवर दत्तात्रय, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर दत्तात्रेय. प्रतिज्ञापत्र, आधार दुरुस्ती वगैरे नेहमीचा सोपस्कार. आमच्या लाइनवरच्या एकाला वाटत होतं की कौशल्य विकास योजनेतलं आरपीएलचं प्रमाणपत्र आहे म्हणजे पदवीत आपोआप धरतील. तसं होत नाही. पुरावा म्हणून ते जोडता येतं, विद्यापीठ आपली तपासणी करतंच.

खरी चीड आली ती कॉस्टिंग, म्हणजे जॉबचा खर्च काढायच्या, विषयाला. नवीन चौकशी आली की मालक ड्रॉइंग घेऊन मशीनपाशी येतात, किती मिनिटांचा जॉब ते मी सांगतो आणि त्यावर कोटेशन जातं. हे सगळं तोंडी. कागदावर माझं नाव कुठेच नाही, म्हणून क्रेडिट शून्य. तो विषय मी आता बाकीच्या मुलांसोबत वर्गात बसून करतोय. शिकवणारे सर माझ्याहून लहान आहेत, आणि सायकल टाइमचं (एक जॉब निघायला लागणाऱ्या वेळेचं) उदाहरण आलं की आकडा मलाच विचारतात.